शंका आली तर मंडळीत कुठे बसायचे? कोल्हापूरच्या ख्रिस्ती विश्वासाची पार्श्वभूमी

‘प्रार्थनेत मला काहीच जाणवत नाही’ असे कोल्हापुरातल्या ख्रिस्ती घरात एखाद्या तरुणाने सांगितले, की बहुधा एकच उत्तर मिळते: प्रार्थना वाढव. हे उत्तर प्रेमाने दिलेले असते, पण अपुरे असते. ते इतक्या सहज तोंडी का येते, हे इथल्या मंडळीचा, म्हणजे चर्चमध्ये एकत्र येणाऱ्या ख्रिस्ती समाजाचा, इतिहास पाहिला की उलगडते.

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनकडे गेले, मग कोडोली, सांगली, मिरज अशी ठाणी उभी राहिली. मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ चे. बाप्तिस्मा घेतला की भाऊबंद तुटत, त्यामुळे चर्च, शाळा, वसतिगृह आणि दवाखाना हेच त्या माणसाचे नवे गाव होई. तो आधार फार मोठा होता. मात्र घर, पगार आणि पोरांची सोयरीक एकाच वर्तुळात आली, की शंका बोलून दाखवणे महाग पडते. शंका ही आजाऱ्याच्या तक्रारीसारखी सांगायची गोष्ट होती, ती गुन्ह्यासारखी लपवायची झाली, असे आम्हाला वाटते. मिशनच्या नोकऱ्या गेल्या, पण लपवायची सवय राहिली.

मराठी ख्रिस्ती परंपरेची सुरुवात अशी नव्हती. शेजारच्या बेळगावात १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी आपली घालमेल ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये नेहेम्या गोरे झाले. शंकांनी त्यांचा पिच्छा बाप्तिस्म्याआधी तर पुरवलाच, नंतरही सोडला नाही. तरीही १८९५ मध्ये मरेपर्यंत ते ख्रिस्ताला धरून राहिले. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यानंतर बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधला काळ वाचण्यात आणि स्वतःशी झगडण्यात गेला.

यांत सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि खरी प्रश्नोत्तरे त्यानंतर सुरू झाली. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), ख्रिस्ताचे देवपण, चर्चचा अधिकार, काहीच त्यांनी विचारायचे सोडले नाही. इंग्लंडमधल्या वाँटेज येथील मठाच्या ख्रिस्ती जोगिणींना ही अवज्ञा वाटे. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र त्या प्रश्नांना प्रश्न म्हणूनच वागवले आणि पत्रांतून उत्तरे दिली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटला तो सुमारे ८ वर्षांनी, असे रमाबाईंनी पुढे लिहिले. त्या ८ वर्षांत कोणी ‘उत्तर मान, नाहीतर बाहेर जा’ एवढेच म्हटले असते, तर निराधार स्त्रियांसाठी त्यांनी पुढे उभारलेले मुक्ती मिशन आणि त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर यांचे काय झाले असते, याचा विचार पाळकांनी जरूर करावा.

मुळात शास्त्रच, म्हणजे बायबलच, याबाबत मोकळे आहे. त्यातल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत आणि त्यांची घडण शिकण्याजोगी आहे. १३ वे स्तोत्र ६ वचनांचे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ चार वेळा, मग दोन वचने मागणे, शेवटची दोन भरवसा. बोलणे कोणाशी ते आधी ठरते, तक्रार नाव घेऊन होते, मागणे नेमके असते. ८८ वे स्तोत्र तर भरवशावर येतच नाही, १८ वचनांनंतर अंधारातच संपते. मन कोरडे असेल तेव्हा स्वतःचे शब्द जुळवत बसण्यापेक्षा यातले एक मोठ्याने वाचावे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, प्रार्थनापुस्तकाने स्तोत्रे ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. १३ वे येते २ तारखेच्या संध्याकाळी, ८८ वे १७ तारखेच्या सकाळी. आवडीची तेवढीच निवडणाऱ्याच्या हाती ८८ वे कधी लागत नाही, क्रमाने वाचणाऱ्याला ते दर महिन्याला भेटते.

येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय त्याच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणार नाही, असे म्हणणाऱ्या थोमा या शिष्याची गोष्ट सांगताना लोक जखमांवर थांबतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात आणखी एक तपशील आहे: पहिल्या रविवारी थोमा इतरांबरोबर नव्हता, आठ दिवसांनी होता. त्याचा विश्वास बसला नव्हता, तरी इतरांनी त्याला खोलीत राहू दिले. म्हणून उपासना सोडण्याची पायरी शेवटची असावी. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी दिलेला नियमही इथे उपयोगी पडतो: कोरडेपणाच्या काळात आधीचा निर्णय बदलू नये, प्रार्थना मात्र थोडी वाढवावी. म्हणजे ‘प्रार्थना वाढव’ हा सल्ला जुनाच आहे, फक्त त्याचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे गळाला.

चूक बहुधा शंकेची जात न ओळखल्याने होते. ‘शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे बायबलमधले वृत्तांत) केव्हा लिहिली गेली?’ या प्रश्नाला अभ्यास लागतो, रडू नव्हे. मूल गेलेल्या आईच्या ‘देव कुठे होता?’ याला युक्तिवाद दिला, तर जखम चिघळते, तिथे जवळ बसायचे असते. मंडळीतल्या भांडणांनी विटलेल्याला त्रैक्याचा धडा देऊन उपयोग नाही, त्याची तक्रार खरी आहे का ते पाहावे. आणि दोन आठवडे झोप, भूक, कामातले मन सगळेच गेले असेल, तर आधी डॉक्टर. तो विश्वासाचा तुटवडा नव्हे. शंका एका वाक्यात कागदावर लिहून काढली, की ती यांतली कोणती ते बरेचदा समजते. मग ती एका विश्वासू माणसाला दाखवावी. दहा जणांना दाखवली, तर दहा उपदेश मिळतात.

उपासनेत सगळे मिळून म्हणतात त्या विश्वासांगीकारातही (ख्रिस्ती विश्वासाच्या ठरलेल्या मजकुरातही) शंका आलेल्या माणसाला जागा आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार ‘मी’ने सुरू होतो, कारण त्याचे मूळ बाप्तिस्म्याच्या वेळच्या प्रश्नोत्तरांत आहे. इ.स. ३२५ च्या नायसिया येथील बिशपांच्या परिषदेचा मूळ मजकूर मात्र ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असा आहे. रविवारी एखादी ओळ कोणाच्या तोंडून निघाली नाही, तर शेजारचे ती म्हणत असतात. त्याने त्यांच्यासोबत उभे राहावे, आणि ती ओळ तो का म्हणाला नाही हे दारात कोणी विचारू नये.