मटिकोरच्या अंगणातून आलेली चटणी

चटणी हा कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरच्या हिंदुस्थानी वंशाच्या लोकांचा गाण्याचा प्रकार. त्याची सुरुवात मजुरांच्या जहाजांपासून होते. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' हे जहाज त्रिनिदादला लागले. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर आणलेले दोनशेहून अधिक हिंदुस्थानी मजूर त्यात होते. 1917 पर्यंत अशी सुमारे 1 लाख 44 हजार माणसे या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून निघालेली, भोजपुरी आणि अवधी मुलखातली. (मुंबई बंदरातून गेलेले मराठी मजूर मॉरिशसला पोहोचले, तेव्हा या गाण्यांत मराठी सूर शोधायला जाऊ नये.)

होळीला समूहाने गायचा चौताल पुरुषांचा. बायकांचे खरे राज्य मटिकोरच्या रात्री. लग्नाआधी त्या ताशाच्या तालावर माती आणायला निघत, धरतीची पूजा करत आणि मग पुरुषांना बाहेर ठेवून ढोलकीवर गात, नाचत. व्याह्यांची टिंगल, भरपूर चावटपणा आणि त्याआडून नवरीला दिलेली संसाराची समज, असा सगळा मामला. मुली आई-आजीच्या मागे बसून ओळी उचलत. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती पुन्हा म्हणायची, त्यामुळे पाठांतर आपोआप होई.

म्हणूनच शाळेत इंग्रजी आणि बाजारात क्रिओल ही तिथली मिश्र बोली बोलणाऱ्या पिढ्यांची भोजपुरी सुटली, तरी गाणी टिकली. अर्थ पुसट झाला. चाल, ठेका आणि शब्दांचा नाद राहिला. भाषेआधी गाणे जाते असे आपण धरून चालतो, इथे उलटे घडले.

1970 च्या सुमारास गायक सुंदर पोपो यांनी हिंदी आणि त्रिनिदादची इंग्रजी एकाच गाण्यात मिसळली. त्याच काळात सुरू झालेल्या 'मस्ताना बहार' या तिथल्या टीव्हीवरच्या स्पर्धेने गावोगावच्या गायकांना मंच दिला. ढोलक, हार्मोनियम आणि लोखंडी सळईचा धनताल यांवर चालणारे हे गाणे पुढे चटणी म्हणून ओळखले जाऊ लागले.

1987 मध्ये गायिका द्रुपती रामगुनाई यांनी त्याला सोका या त्रिनिदादच्या कार्निव्हलमधल्या नाचत्या संगीताची जोड दिली, तेव्हा समाजातल्या प्रतिष्ठितांनी कडक टीका केली: हिंदू बाईने भर मंचावर असे गावे, नाचावे? टीकाकारांच्या आज्यांनी हेच गायले होते. फरक एवढाच, की आता पुरुष बघत होते.

1996 पासून 'चटणी सोका मोनार्क' ही स्पर्धा कार्निव्हलच्या हंगामात भरू लागली. तिथली गाणी बव्हंशी इंग्रजीत असतात, आणि रमवरची गाणी फार झाली ही तक्रार ज्येष्ठ मंडळी अजूनही करतात.