सायकली किती असाव्यात: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

हौशी सायकलपटूजवळ नेमक्या किती सायकली असाव्यात, हा प्रश्न कोल्हापुरात आता वरचेवर विचारला जातो. पहाटे शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याकडे किंवा जोतिबाकडे निघणाऱ्या गटांमध्ये चहाच्या थांब्यावर हा विषय निघाला, की जगभरच्या सायकलपटूंमध्ये प्रचलित असलेले उत्तरही कोणीतरी देतोच: आज जितक्या आहेत, त्यापेक्षा एक जास्त. या उत्तरामागे एक गृहीत आहे. सायकलींचे प्रकार एकमेकींपासून इतके वेगळे आहेत, की एकीचे काम दुसरीला जमणार नाही, असे ते गृहीत होय. सायकलीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात ते बराच काळ खरे नव्हते, मग काही दशके ते जवळजवळ पूर्णपणे खरे ठरले, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत ते पुन्हा सैल होऊ लागले आहे. हा क्रम नीट समजून घेतल्याशिवाय दिलेला कोणताही आकडा अंदाजपंचे ठरेल, असे मला वाटते.

सुरुवातीचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस यांनी पायांनी जमिनीला रेटा देत चालवायचे दोन चाकांचे लाकडी वाहन तयार केले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. पायडल थेट चाकालाच असल्यामुळे वेग हवा तर चाक मोठे करावे लागे, आणि त्यातूनच पुरुषभर उंचीच्या चाकाच्या सायकली निघाल्या. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' ही सायकल बाजारात आणली. तिची दोन्ही चाके जवळपास सारख्या आकाराची होती आणि पायडलची ताकद साखळीने मागच्या चाकाकडे जात होती. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. या दोन गोष्टी एकत्र आल्यानंतर सायकलीचा आकार जो ठरला, तो आजतागायत फारसा बदललेला नाही.

भारतात हा आकार रॅले, हर्क्युलिस, बीएसए अशा इंग्रजी कंपन्यांच्या काळ्या सायकलींच्या रूपाने रुजला. २८ बाय दीड इंची चाके, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे कॅरिअर, रुंद सीट आणि सुमारे २० किलो वजन, असा तिचा थाट होता. स्वातंत्र्यानंतर तीच सायकल देशातच तयार होऊ लागली. मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू झाली, आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना उभा राहिला, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलास आणि लुधियानाला १९५६ मध्ये हीरो सायकल्स आली. नावे निराळी असली तरी सायकल मूलतः एकच होती. एका कंपनीची कॉटर पिन, छर्रे, फ्रीव्हील किंवा टायर दुसऱ्या कंपनीच्या सायकलीला सहज बसत असे, आणि ही अदलाबदल त्या काळातील सर्वांत मोठी सोय होती, असे मी मानतो.

त्या काळात घरटी एक सायकल असणे हीसुद्धा ऐपतीची खूण होती. सकाळी त्याच सायकलीवर किटल्या अडकवून गंगावेशीकडे दूध यायचे, त्याच जातीच्या सायकलीवर शाहू मिलचा किंवा उद्यमनगरचा कामगार डबा अडकवून कामावर जायचा आणि संध्याकाळी घरातले एखादे पोर नळीखालून पाय घालून तीच सायकल शिकायचे. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले तर पोलिस अडवत. ज्याच्या घरी सायकल नव्हती, किंवा होती पण वडील घेऊन गेले होते, त्याच्यासाठी तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. लहान मुलांसाठी कमी उंचीच्या सायकलीही तिथेच मिळत. म्हणजे दुसऱ्या सायकलीची गरज त्या पिढीलाही होती. ती विकत घेण्याऐवजी भाड्याने भागवली जात होती, एवढाच फरक.

या सायकलीला एक मर्यादा होती आणि ती कोल्हापूरकरांना चांगलीच ठाऊक होती. तिला गिअर एकच. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक साधारण अडीच फेरे फिरे. नृसिंहवाडीच्या सपाट रस्त्याला हे प्रमाण उत्तम होते, पण वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याचा चढ लागला की उतरून सायकल हातात धरणे भाग पडे.

युरोपात नेमक्या याच अडचणीवरून सायकलीच्या जाती फुटायला सुरुवात झाली. फ्रान्समधील सेंत-एतियेन येथे पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ 'व्हेलोसियो' या टोपणनावाने लिहीत असत. डोंगराळ भागातून सायकल चालवणाऱ्याला एकाहून अधिक गिअर असलेच पाहिजेत, असा आग्रह त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी धरला होता आणि तो स्वतःच्या लांबलांबच्या प्रवासांनी सिद्धही केला होता. उलट, १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलणे हा खेळाडूच्या ताकदीचा अपमान वाटे. त्यामुळे टूरमधील व्यावसायिक खेळाडूंना डीरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे साधन, वापरण्याची परवानगी थेट १९३७ मध्ये मिळाली. तोपर्यंत त्यांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दातांची चक्रे असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक काढायचे, उलटे करून बसवायचे आणि पुढे निघायचे. टुलिओ कँपान्योलो यांनी चाक झटकन काढता येईल असा खटका १९३० मध्ये पेटंट केला, त्यालाही हीच चाके काढण्या-घालण्याची पार्श्वभूमी होती.

या तपशिलावर मी मुद्दाम रेंगाळलो, कारण आजच्या प्रश्नाचे एक जुने उत्तर त्यात आहे. त्या खेळाडूला सपाटीची सायकल आणि चढाची सायकल अशा दोन सायकली हव्या होत्या; त्याने त्या एकाच सांगाड्यात, चाकाच्या दोन बाजूंना बसवल्या.

पुढे मात्र प्रत्येक गरजेसाठी स्वतंत्र सांगाडा घडू लागला. ट्रॅकवरच्या सायकलीला ब्रेक आणि गिअर दोन्ही नकोत. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला मडगार्ड, दिवा आणि रुंद टायर हवेत. शर्यतीच्या सायकलीला यातले काहीच नको, फक्त हलकेपणा हवा. या हलकेपणाची ओढ इतकी वाढली, की २००० पासून जागतिक सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असता कामा नये, असे बंधन घातले.

सर्वांत मोठी फूट १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात पडली. तेथील तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटांवरून खाली सुटत. पायडल मागे दाबून लावायचा ब्रेक उतारावर इतका तापे, की हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. ग्रीस भरण्याच्या या कामावरूनच 'रीपॅक' हे नाव पडलेली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिल्यांदा झाली. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या वापरासाठी खास सांगाडा तयार केला, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने 'स्टंपजंपर' मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या शर्यतीचा समावेश झाला. आपल्याकडे हा प्रकार आला तो बहुधा रूपापुरताच. सरळ हँडल आणि गाठीगाठींचे जाड टायर लावलेल्या लोखंडी सायकली शाळकरी मुलांच्या हातात आल्या, पण त्या डोंगरावर नेण्यासाठी बनलेल्या नव्हत्या. तरीही 'सायकलीचे प्रकार असतात' ही जाणीव एका अख्ख्या पिढीला त्यांनीच करून दिली, आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही.

टाइम ट्रायलची, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या शर्यतीची सायकलही याच सुमारास वेगळी झाली. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या दिवशी ५० सेकंदांनी मागे होते. कोपरे टेकवून पुढे झुकता येईल असे हँडल लावून त्यांनी वर्साय ते पॅरिस हे २४.५ किलोमीटरचे अंतर कापले आणि लोराँ फिन्यों यांना एकूण अवघ्या ८ सेकंदांनी हरवले. त्यानंतर वाऱ्याचा अडसर कमी करणे हे एक स्वतंत्र शास्त्र झाले. २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमन ७०.३ ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग स्पर्धा सुरू झाल्यावर घाटाखालचा हा पल्ला कोल्हापूरकरांना जवळचा झाला. ९० किलोमीटर दुसऱ्याच्या आडोशाविना सायकल चालवायची, हे त्या स्पर्धेचे स्वरूप असल्यामुळे टाइम ट्रायलच्या सायकलीची चर्चा इथेही होऊ लागली.

एवढे प्रकार वेगळे राहण्यामागे केवळ कंपन्यांची विक्रीची हौस होती, असे समजणे अन्यायाचे होईल. खरे कारण ब्रेकमध्ये होते. रिमला दाबणारा ब्रेक टायरच्या वरून कमान घालून येतो, आणि रोड बाइकच्या त्या कमानीत २५, फार तर २८ मिलिमीटरचा टायर मावे. मसाई पठारावरच्या जांभ्या दगडातून जायचे तर ४० मिलिमीटरच्या आसपास टायर हवा. तो त्या सांगाड्यात बसणेच शक्य नव्हते. साहजिकच दुसरी सायकल घ्यावी लागे, आणि 'आणखी एक' हे सूत्र त्या काळापुरते प्रामाणिक होते.

डिस्क ब्रेकने हे कारणच काढून घेतले. ब्रेक रिमवरून हबवर गेला, त्यामुळे टायर किती रुंद असावा यावरचे बंधन फक्त सांगाड्याचे उरले. जागतिक संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी डिस्क ब्रेक रीतसर मान्य केले. त्याच दशकात खडबडीत रस्त्यावर थोडा रुंद आणि कमी हवेचा टायर संथ ठरत नाही, हेही मान्य होत गेले. व्यावसायिक खेळाडू २३ मिलिमीटरवरून २८ आणि त्याहून रुंद टायरकडे वळले. रोड बाइक आणि माउंटन बाइक या दोन्हींच्या मधली, कच्च्या रस्त्यासाठीची ग्रॅव्हल बाइक पुढे आली आणि २०२२ मध्ये इटलीत तिची जागतिक अजिंक्यपदाची पहिली स्पर्धाही झाली.

चाकांचा हिशेबही जुळून आला. रोड बाइकच्या ७०० सी चाकाची आणि २९ इंची माउंटन बाइकची रिम एकाच मापाची, म्हणजे ६२२ मिलिमीटरची असते. २७.५ इंची चाकाची रिम ५८४ मिलिमीटरची. ६२२ च्या रिमवर २८ चा टायर घातला, तर चाकाचा बाहेरचा व्यास होतो ६७८ मिलिमीटर. ५८४ च्या रिमवर ४७ चा टायर घातला, तरी तो ६७८ च येतो. म्हणजे डिस्क ब्रेकच्या योग्य सांगाड्यात चाकांचे दोन संच ठेवले, तर सायकलीची जमिनीपासूनची उंची आणि वळण्याचा स्वभाव फारसा न बदलता ती रोड बाइकही होते आणि कच्च्या वाटेचीही. १९३७ च्या आधी चाक उलटे करणाऱ्या खेळाडूची युक्ती अशी नव्याने हाती आली आहे.

कोल्हापूरच्या रस्त्यांना हे लावून पाहिले, तर माझ्या मते उत्तर दोन येते. पहिली सायकल रोजची: कॅरिअर, मडगार्ड, स्टँड आणि दिवा असलेली, लक्ष्मीपुरीत भाजी आणायला कुलूप लावून ठेवताना जीव खालीवर होणार नाही अशी. ही सायकल नसेल तर बाकीच्या कितीही असोत, माणूस शहरात मोटारसायकलच काढतो. दुसरी डिस्क ब्रेकची, ४० मिलिमीटरपर्यंत टायर मावणारी, आणि पुढच्या लहान चक्राचे दात मागच्या मोठ्या चक्राइतकेच असतील अशा गिअरची. मग पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा पडतो आणि पन्हाळा, जोतिबा किंवा करूळ घाटाने परत वर येणे बसल्या बसल्या जमते. याच सायकलीवर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, १३ तास ३० मिनिटांच्या मुदतीत पूर्ण करता येते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडांवर तिचे रुंद टायर उपयोगी पडतात, आणि गगनबावड्याच्या पावसात ओल्या रिमवरून ब्रेक घसरण्याची धास्तीही राहत नाही. टाइम ट्रायलची सायकल मात्र या दोन्हींत बसत नाही, कारण तीत बसण्याची ढबच वेगळी असते. दर वर्षी स्पर्धेत उतरणाऱ्याने ती तिसरी म्हणून जरूर घ्यावी. पहिल्यांदाच गोव्याला जाणाऱ्याने आधी असलेल्या हँडलवर कोपरे टेकवायचे बार बसवून बघावेत.

यापलीकडची प्रत्येक सायकल देखभालीचा भार वाढवते. उभ्या ठेवलेल्या सायकलीचे टायर कडक होतात, ट्यूबलेस टायरमधले भोक बुजवणारे द्रव (सीलंट) काही महिन्यांत सुकते, चार महिन्यांच्या पावसाळी दमट हवेत साखळीला गंज धरतो. शिवाय जुन्या काळची अदलाबदल आता राहिलेली नाही. पायडलच्या अक्षाचे बेअरिंग काही सांगाड्यांत आटे फिरवून बसते, काहींत दाबून बसवावे लागते, आणि दाबून बसवायच्या प्रकारांतही मापे अनेक आहेत. लेथवर वाटेल तो भाग घडवणारे कारागीर उद्यमनगरात आजही आहेत, पण कंपनीगणिक बदलणाऱ्या या मापांचे सुटे भाग बाहेरूनच मागवावे लागतात. म्हणून शक्य तेथे आट्यांचा सांगाडा घ्यावा.

दोन चाकसंचांचा मार्ग धरणाऱ्याने दुकानात तीन गोष्टी आधी विचाराव्यात: सांगाड्यात जास्तीत जास्त किती रुंद टायर मावतो, चाकांचे अॅक्सल (मधले दांडे) कोणत्या मापाचे आहेत, आणि डिस्क हबवर कोणत्या पद्धतीने बसते. आजच्या बहुतेक रोड आणि ग्रॅव्हल बाइकला पुढे १०० आणि मागे १४२ मिलिमीटर रुंदीचे हब आणि १२ मिलिमीटर जाडीचा अॅक्सल असतो. दोन्ही संचांवर एकाच मापाची डिस्क आणि तितक्याच चक्रांची कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बसवावी. तरीही एका हबची डिस्क दुसऱ्यापेक्षा केसभर आत-बाहेर बसली, तर चाक बदलल्यावर ती ब्रेकच्या पॅडला घासते. अशा वेळी ब्रेकची जागा दर वेळी हलवण्याऐवजी आत बसणाऱ्या डिस्कखाली पातळ वॉशर घालून दोन्ही डिस्क एकदाच एका रेषेत आणून घ्याव्यात.