राजांगणातला धूर

दिवाळी सरली की गोव्यात पेडण्यापासून सत्तरीपर्यंत जत्रा सुरू होतात आणि दशावतार रात्र रात्र रंगतो. लहानपणी देवळाच्या राजांगणात, म्हणजे अंगणात, पुढची जागा धरायला आम्ही भावंडं धावायचो. उशीर झाला की वाट्याला यायची ती कडेची, जनरेटरशेजारची जागा. नारदाचं पद तिथे धडधडीतून ऐकावं लागे आणि घरी आल्यावर आईच्या साडीलाही डिझेलचा वास असे.

तो वास नुसता वास नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. जत्रेत हा धूर घेत बसलेली असतात ती पोरं आणि म्हातारी माणसंही, हे मला जास्त लागतं.

आता रंगमंचाला वीज किती लागते ते पाहू. पायपेटी, मृदंग, झांज यांना काहीच नाही. एलईडी दिवे 500 वॅट आणि साऊंडचे सरासरी 300 वॅट धरले तर सहा तासांत जेमतेम पाच युनिट होतात. त्यासाठी मागे उभा असतो 15 केव्हीएचा, म्हणजे साधारण बारा किलोवॅट देऊ शकणारा जनरेटर. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनांची, म्हणून असलं इंजिन मिनिटाला 1500 फेरे मारत राहतं, मग लोड दहा किलोवॅटचा असो की दोन दिव्यांचा. स्वतःला फिरवण्यातच ते तासाला लिटरभर डिझेल पितं. शिवाय कमी लोडवर सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन अर्धवट जळतं आणि काजळी वाढते. म्हणजे रात्रभराच्या नाटकाला हे यंत्र नेमकं जिथे सगळ्यात वाईट चालतं, तिथेच आपण त्याला जुंपतो.

बॅटरीला ही खोड नाही. मागाल तेवढीच वीज ती देते. पाच युनिटांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी इन्व्हर्टरसकट साधारण 50 ते 60 किलोची होते, दोघांनी उचलून नेण्याजोगी. हे रसायन 1990च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. 2019च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तापलं तरी सहज सुटत नाही, म्हणून भडका उडण्याचा धोका इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा कमी. गर्दीच्या राजांगणात हे महत्त्वाचं.

बॅटरी भरायला वीज लागतेच, आणि गोव्याची बहुतेक वीज बाहेरून, मोठ्या प्रमाणात कोळशावरून येते. तो हिशेबही मांडायला हवा. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजजाळ्यावर, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. भरतानाची नासाडी धरून आपल्या पाच युनिटांचे झाले चार किलो. एक लिटर डिझेल जळलं की 2.7 किलो, म्हणजे सहा लिटरांचे सोळा. छपरावरच्या सौर पॅनलवरून भरली तर चार किलोही उरत नाहीत.

पाळणे, खाजेवाल्यांच्या रांगा, आईसक्रीमचे फ्रीज हे सगळं मात्र बॅटरीवर चालवू म्हणणं आज वेडेपणाचं. किलोभर सेलमध्ये युनिटाचा सातवा-आठवा हिस्सा मावतो, तर लिटरभर डिझेलमधून नीट लोड दिलेला जनरेटर तीन युनिट काढतो. तिथे डिझेलला अजून तोड नाही.

पण रंगमंचाचं तसं नाही. देवळात वीज असतेच. तरी जनरेटर रात्रभर घुमतो, कारण युद्धाच्या प्रवेशात लाईट गेली तर तो सुरू होईपर्यंत राजांगण काळोखात बुडेल ही धास्ती. यूपीएसची सोय असलेली बॅटरी सेकंदाच्या काही शतांशांत भार घेते, पापणी लवायच्या आत. म्हणजे ती रात्रभर चालवायचीही गरज नाही, लाईट जाईल तेवढा वेळच.

यंदा जत्रेआधी साऊंडवाल्याला एवढंच सांगा: नाटक ऐन रंगात असताना एका वायरीला क्लॅम्प मीटर (वायर न कापता तिच्यातला प्रवाह मोजणारा चिमटा) लावून आकडा लिहून ठेव. चार अँपिअरच्या आसपास, म्हणजे वर धरलेल्या 800 वॅटच्या जवळपास निघाला, तर आमच्या कोपऱ्यातली जागा पुढच्या वर्षी बसण्यासारखी होऊ शकते.