दाढेत भरलेलं सिमेंट आक्रसतं तेव्हा

किडलेली दाढ कोरून डॉक्टर त्यात दाताच्या रंगाचं सिमेंट भरतात आणि निळा लाइट धरतात. वीसेक सेकंदांत ते टणक होतं. खरं तर हे सिमेंट नव्हे, कंपोझिट: राळेत कालवलेली काचेची अतिबारीक पूड. या राळेचा मुख्य रेणू अमेरिकेत रफाएल बोवेन यांनी घडवला. त्याचं पेटंट १९६२ चं.

निळा प्रकाश पडताच राळेतले सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि जवळ सरकतात. त्यामुळे घनफळ साधारण २ ते ३ टक्क्यांनी घटतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण माल दाताच्या भिंतींना चिकटलेला असतो. तो आत ओढला गेला की कडेला केसाएवढी फट पडू शकते, आणि गार पाण्याचा घोट घेताच दाढेत कळ जाते.

मग हे आक्रसणं मोजायचं कसं? घट्ट होण्याआधी आणि नंतर द्रवात बुडवून घनता काढता येते, आर्किमिडीजचंच तत्त्व. पण त्यातून कळतो तो शेवटचा हिशेब. आक्रसणं घडताना पाहण्याची मला सर्वांत आवडलेली युक्ती मँचेस्टरच्या वॉट्स आणि कॅश या संशोधकांनी १९९१ मध्ये मांडली. काचपट्टीवर पितळी कडं, त्याच्या मधोमध सुमारे १ मिलिमीटर जाडीची कंपोझिटची चकती, वर पातळ काच आणि त्या काचेवर टेकलेली संवेदनशील सुई. लाइट खालून लागतो. चकती काचेला चिकटलेली, त्यामुळे तिला आडवं आक्रसता येत नाही. जवळजवळ सगळी घट जाडीतच उतरते. २ टक्के म्हणजे सुई २० मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) खाली. लाइटच्या उष्णतेने चकती किंचित फुगतेही, म्हणून घट्ट झालेल्या चकतीवर पुन्हा लाइट टाकून तेवढा फरक वजा करतात.

सुईचा आलेख लाइट बंद झाल्यावरही उतरतच राहतो. त्यात किती घट झाली यापेक्षा कधी झाली, हे मला जास्त मोलाचं वाटतं. माल मऊ असताना आक्रसला तर वाहून जुळवून घेतो. कडक व्हायला लागल्यावरची घटच भिंती ओढते. शिवाय खड्ड्याचा आकारही आहेच. डबीसारख्या खड्ड्यात माल पाच बाजूंनी चिकटतो आणि मोकळी राहते फक्त वरची. म्हणून नेहमीचं कंपोझिट एकदम न भरता २ मिलिमीटरपर्यंतच्या थरांत, बरेचदा तिरकं लावतात आणि प्रत्येक थरावर वेगळा लाइट धरतात.