गॅस गीझर पेटत का नाही?

नागपूर म्हटले की उन्हाळाच आठवतो. पण २९ डिसेंबर २०१८ रोजी याच शहराचा पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा पहाटे जुना गॅस गीझर पेटेनासा झाला, की घरातल्यांचा पहिला संशय सिलिंडरवर जातो. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा चुकीचा ठरला आहे, कारण या यंत्रात गॅसच्या आधी पाण्याची पाळी येते.

नळ उघडताच वाहत्या पाण्याचा दाब आतील रबरी पडद्याला ढकलतो, पडद्याला टेकलेली कांडी एक छोटे बटण दाबते आणि दोन सेलच्या ३ व्होल्ट विजेवर टकटक ठिणग्या पडू लागतात. ही टकटकच ऐकू आली नाही, तर दोष सेलमध्ये किंवा पाण्यात शोधावा. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. म्हणजे गच्चीवरील टाकी नळापेक्षा ३ मीटरच उंच असेल, तर हाती जेमतेम ०.३ बार उरतो. एवढ्या तुटपुंज्या दाबात थोडासा अडथळाही पडदा हलू देत नाही. आमच्या घरी गीझरच्या तोंडाशी असलेली नखाएवढी जाळी काढली, तेव्हा तिच्यात बोअरच्या पाण्याबरोबर आलेली चिमूटभर काळपट रेती निघाली; जाळी धुऊन बसवताच टकटक सुरू झाली.

ठिणगी पडूनही ज्योत येत नसेल, तर मात्र सिलिंडर आणि रेग्युलेटर पाहावा. गॅसचा वास येत असेल, तर काहीही तपासत न बसता रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात.

ज्योत नीट असूनही पाणी कोमट येणे हा अनेकदा बिघाड नसतोच. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. टाकीतले पाणीच रात्रभरात १० अंशांनी गार झाले असेल, तर तीच ज्योत ते १० अंश भरून काढू शकत नाही. अशा वेळी पाण्याची धार कमी करावी.

सर्वांत फसवी तक्रार म्हणजे ज्योत पेटून काही सेकंदांत विझणे. बर्नरसमोर धातूची एक बारीक कांडी असते. ज्योतीत विद्युतभारित कण असल्याने तिच्यातून अत्यंत क्षीण, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागणारा प्रवाह वाहू शकतो, आणि तो मिळाला तरच गॅसची झडप उघडी राहते. कांडीवर काजळी चढली, की समोर ज्योत असूनही यंत्राला ती दिसत नाही. काही ठिकाणी ही कांडी टाळून तारा थेट जोडल्या जातात. तसे कोणालाही करू देऊ नये, कारण मग ज्योत विझली तरी गॅस वाहतच राहील. काजळी आणि पिवळी ज्योत एकत्र दिसत असतील, तर बर्नरला हवा अपुरी पडते आहे आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होत असण्याची शक्यता आहे. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याला वासही नसतो. म्हणून गीझर बंद न्हाणीघरात कधीच नसावा, आणि बर्नर स्वच्छ होऊन ज्योत पुन्हा निळी दिसेपर्यंत तो वापरूही नये.