आधी पंच, मग परमिट

लोअर परळमधल्या एका बारमध्ये बसलो होतो. कार्डावर जिन, कोकम, तिरफळ आणि शहाळ्याचं पाणी असं एक पेय होतं, किंमत साडेआठशे. तिरफळ म्हणजे काय, हे काउंटरमागच्या मुलाने मला अगदी मन लावून समजावलं. मी कुडाळचा. तिरफळं पडली नाहीत तर बांगड्याच्या तिखल्याला आमच्याकडे तिखलं म्हणतच नाहीत. पण हे त्याला सांगावंसं वाटलं नाही. पोरगा गोड होता आणि पेय खरोखर छान जमलं होतं.

मुंबईतले असे नटूनथटून जायचे बार म्हणजे न्यूयॉर्क-लंडनहून विमानाने उतरलेली चीज, असं आपण धरून चालतो. तसं ते अर्धंच खरं आहे. दारूत आंबट, गोड आणि मसाला मिसळून पिणं या किनाऱ्याला साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आणि आपला बार आज जसा दिसतो तसा तो का दिसतो, याचं उत्तर लोकांच्या आवडीनिवडीत फारसं सापडत नाही. ते अबकारी खात्याच्या कागदांत सापडतं.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, कारवार असा हिंडला. त्याने लिहून ठेवलंय की नेरूळला उत्तम अरक, म्हणजे गाळलेली दारू, मिळतो आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज त्यापासून 'पंच' नावाचं, अंगातला जोर काढून घेणारं पेय करतात. पाच जिनसांचं म्हणून पंच, हा खुलासाही त्याचाच. हे नेरूळ नवी मुंबईतलं नव्हे, गोव्यात बारदेशातलं. अरक, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे पंचाचे सर्वमान्य पाच घटक. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून विद्वान अजून भांडतात. भांडोत बापडे. तो अरक माडाच्या सुरेचा होता आणि लिंबू इथलंच होतं, एवढं आपल्याला पुरे. कॉकटेल या शब्दाची पहिली छापील व्याख्या अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात आली ती १८०६ साली: दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. म्हणजे नातू जन्माला यायच्या सव्वाशे वर्षं आधी आजोबा आपल्या किनाऱ्यावर पाय पसरून बसले होते.

वसई आणि साष्टीतल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती, घरांत अजूनही खिमाड होतं. दालचिनी, लवंग, साखर घालून पाणी उकळायचं, त्यात गावठी ओतायची आणि थंडीत गरमगरम प्यायचं. याला कुणी मिक्सॉलॉजी म्हटलं नाही, कारण ते आजीच्या हातचं होतं.

मुंबईत ही सगळी दुनिया भंडारी समाजाच्या हातात होती. माहीम-दादरचा पट्टा माडांच्या बनांचा. माडावर चढायचं, पोयीला, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाला, काप द्यायचा, मडकं बांधायचं, सकाळ-संध्याकाळ उतरवायचं. ताजी गोड ती निरा, चढली की माडी. कंपनीच्या राजवटीत याच भंडाऱ्यांची शिपाई म्हणून पलटण उभी राहिली होती. माडाशी त्यांचं नातं तोडलं ते कायद्याने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर झाडावर कर बसला, गाळण्यावर परवाना आला आणि घरामागची भट्टी गुन्हा ठरली. 'देशी' आणि 'इंग्लिश' अशी दारूची जात तेव्हापासून घट्ट झाली. एक कौलारू गुत्त्यात उभ्याने प्यायची, दुसरी क्लबात वेताच्या खुर्चीत बसून.

हॉटेलांचा भाग थोडक्यात आटपतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. ताज १९०३ साली उघडलं. तिथला हार्बर बार १९३३ चा आणि शहरातला पहिला परवानाधारक बार आपलाच, असं हॉटेल अभिमानाने सांगतं. त्याच वर्षी अमेरिकेतली दारूबंदी उठली, त्या खुशीत बंदरात आलेल्या पाहुण्यासाठी पेटतं कॉकटेल बनवलं गेलं, ही कथाही हॉटेलचीच. खरीखोटी काहीही असो, तिच्यातली गंमत वेगळी आहे. अमेरिकेतली बंदी उठली आणि सहाच वर्षांत मुंबईत आली.

१ ऑगस्ट १९३९ रोजी बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. अबकारी खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे. ते स्वतः पारशी आणि शहरातली बरीच ताडीची, दारूची दुकानं पारशांची, त्यामुळे घरच्यांचीच बोलणी त्यांना खावी लागली. महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ढेपाळला. खरी बंदी आली ती मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ ने. तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई. या कायद्याला बलसारा नावाचे पारशी गृहस्थ न्यायालयात भिडले. व्हिस्की, ब्रँडी, बियर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कोलोनसुद्धा बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि सुगंधी पाण्यापुरतं त्यांचं म्हणणं मानलं, पण बंदीचा गाभा शाबूत ठेवला. हा कायदा आजही जिवंत आहे, फक्त नावातल्या 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलंय. महाराष्ट्रात बारमध्ये बसलेला प्रत्येक माणूस तांत्रिकदृष्ट्या दारूबंदीतून सूट घेऊनच बसलेला असतो.

बंदीने पिणं थांबलं नाही, फक्त पत्ता बदलला. काळा गूळ, नवसागर, खाडीकाठची खारफुटी आणि रात्रीची वेळ, एवढ्या भांडवलावर हातभट्टी उभी राहायची. माल सायकलच्या आणि मोटारीच्या ट्यूबांतून शहरात यायचा. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग त्या काळात इतका रुजला की आज लोक चांगल्या कवितेलाही लावतात. धोबीतलाव, माझगाव, वांद्रे इथे गोवेकर आणि ईस्ट इंडियन बायकांनी स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत गिऱ्हाइकं बसवायला सुरुवात केली. हे 'आंटीचे अड्डे'. नवऱ्यामागे संसार ओढणाऱ्या कितीतरी बायकांनी त्या खोलीवर पोरांची शिक्षणं केली. बाकडं, काचेचा ग्लास, सोबत उकडलेलं अंडं किंवा भाजलेले चणे, भिंतीवर येशूची तसबीर. गप्प बसून प्यायचं आणि पोलीस आले की मागच्या दाराने सटकायचं. मुंबईचा पहिला खराखुरा 'लाउंज' मी याच खोलीला म्हणेन. लाउंज म्हणजे तरी काय, कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटावं अशी जागा. इथे तर दिवाणखाना खराच होता.

कोकणात त्या वर्षांत अजबच परिस्थिती होती. तेरेखोलच्या खाडीपलीकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज. तिथे गावोगावी तावेर्न, म्हणजे दारूचे गुत्ते, उघडे, कपाटात पोर्तोची वाइन, शेल्फावर फेणी. अलीकडे रत्नागिरी जिल्ह्यात (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली) कडक बंदी. एका खाडीच्या दोन काठांवर दोन कायदे. सावंतवाडीकडे पाहुणेमंडळींचं गोव्याकडे येणंजाणं त्या काळात का वाढलं होतं, याची कारणं म्हातारी माणसं हसत हसत सांगतात.

१९६३ च्या अखेरीस वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि पुढच्या दहाएक वर्षांत बंदी टप्प्याटप्प्याने सैल झाली. कायदा मात्र रद्द केला नाही. त्याऐवजी परमिट आलं. आरोग्य राखण्यासाठी मला मद्य लागतं, अशा अर्थाचा कागद पिणाऱ्याने बाळगायचा. तो कागद अजून आहे: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजन्म १,००० रुपये. देशीसाठी दिवसाचे २ रुपये. बियर-वाइनला वय २१, बाकी मद्याला २५. तुमच्या बिलाबरोबर एक दिवसाचं परमिट कुणाच्या तरी नावाने फाटतं, हे निम्म्या पिणाऱ्यांना माहीतही नसतं.

या कागदातून 'परमिट रूम' जन्माला आली आणि बारचं रूप ठरलं. परमिटवाल्यांना वेगळं बसवायचं, रस्त्यावरून आतलं दिसू द्यायचं नाही. म्हणून काळ्या काचा, जाड पडदा, मंद लाल दिवा. जाहिरातीला बंदी, म्हणून पाटीवर फक्त 'बार अँड रेस्टॉरंट'. उडपी हॉटेलवाल्या शेट्टी मंडळींनी ही संधी अचूक हेरली. खाली इडली-डोसा, वर एसी परमिट रूम. चकण्याला पापड, चणाडाळ, कांदा-टोमॅटो. क्वार्टर, नाइंटी, खंबा ही मापं. इथे कॉकटेलला जागाच नव्हती. पेग मोजायचा, सोडा ओतायचा, झालं. काउंटरमागचा माणूस कलाकार नव्हता, कारकून होता. बारटेंडिंग ही शिकायची कला आहे, हे मुंबईला सांगणाऱ्यांत देशातल्या पहिल्या महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शतभी बसू यांचं नाव आधी घ्यावं लागतं. त्यांनी त्याची शाळाच काढली.

परमिट रूमला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. शिपाई, कारकून, वार्ताहर, नट आणि दलाल एकाच रेक्झिनच्या सोफ्यावर बसलेत असं दृश्य या शहरात दुसरीकडे कुठे पाहायला मिळालं? बायकांना मात्र तिथे जागा नव्हती. असलीच तर 'फॅमिली रूम' नावाच्या खोपटात, किंवा लेडीज बारमध्ये वाढपी म्हणून आणि पुढे डान्सबारच्या फरशीवर. डान्सबारवर राज्य सरकारने २००५ साली बंदी आणली. ती सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली उठवली, पण अटी अशा आल्या की धंदा परत उभा राहिला नाही. नवे लाउंज आले तेव्हा त्यांचा पहिला मोठा बदल सजावटीतला नव्हताच. बाई तिथे गिऱ्हाईक म्हणून, एकटीसुद्धा, निर्धास्त बसू लागली, हा तो बदल.

हे लाउंज उगवले कुठे, तर गिरण्यांत. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले कितीतरी आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. लालबाग-परळच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपणारे, गणपतीला आणि शिमग्याला गावी धावणारे चाकरमानी. संप औपचारिकरीत्या कधी मिटलाच नाही. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट उघडली आणि दहा-पंधरा वर्षांत उंच छताचे साचेखाते, गोदामं भाड्याने मिळू लागली. तोवर आयातीवरची बंधनंही २००१ पर्यंत उठली होती, परदेशी बाटल्या रीतसर येऊ लागल्या होत्या. मथुरादास मिलच्या गोदामात २००७ च्या अखेरीस 'ब्लू फ्रॉग' सुरू झालं, तिथे लोक गाणं ऐकायला जायचे आणि ग्लास हातात असायचा. वरळीत पंचतारांकित हॉटेलच्या चौतिसाव्या मजल्यावर उघड्या आकाशाखाली बार आला. परमिट रूमचा पडदा असा एकदम गच्चीवर जाऊन उघडला.

गिरण्यांतल्या बारमध्ये जुन्या लोखंडी तुळया मुद्दाम तशाच ठेवतात, विटांना रंग देत नाहीत. दिसायला सुरेख दिसतं. आमच्या गावातला एक म्हातारा त्याच आवारात बदली कामगार होता. नातू आता तिथे हिशेब बघतो. त्याने आजोबांना एकदा नेलं होतं म्हणे, आणि म्हाताऱ्याने आत शिरताच पहिला प्रश्न विचारला, "भोंगो खंय आसा?"

या झगमगाटाला दोन तडाखे बसले. १ एप्रिल २०१७ पासून महामार्गांलगत मद्यविक्रीला सर्वोच्च न्यायालयाची मनाई लागू झाली. मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या गावांतले बार एका रात्रीत अंधारले. पुढे शहरी हद्दींना सूट मिळून बरेच उघडले. आणि २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबमध्ये लागलेल्या आगीत १४ जण गेले. बांबू, ताडपत्री, शोभेची छतं आणि अडलेली वाट. त्यानंतर काही महिने गच्च्यांवर महापालिकेचे हातोडे चालले.

गेल्या काही वर्षांत कॉकटेलच्या कार्डांवर कोकम, तिरफळ, कैरी, सोलकढी दिसू लागलंय, त्यामागे शेजारचा गोवा आहे. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. २०१७ पासून तिथे देशी जिनच्या भट्ट्या उभ्या राहिल्या, कारण तिथलं अबकारी धोरण छोट्या उत्पादकाला जगू देतं. मुंबईच्या बारवाल्यांच्या हाती अशी पहिल्यांदाच इथल्या मातीतली आणि तरीही 'इंग्लिश'च्या कपाटात ठेवता येईल अशी बाटली आली.

आमच्याकडे मात्र कच्चा माल आहे, बाटली नाही. मार्च-एप्रिलमध्ये दोडामार्ग, बांदा, वेंगुर्ल्याच्या काजूच्या बागांत बी पिळून घेतल्यावर बोंडूंचे ढीग झाडाखाली कुजतात. सगळ्या वाडीला त्याचा वास असतो. काही बोंडू टेम्पोतून हद्दीपलीकडच्या भट्ट्यांवर जातात. तिकडून बाटलीतून परत येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर सापडले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ठरलेला मथळा असतो: 'गोवा बनावटीची दारू जप्त'.

एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने काजूबोंडू आणि मोहाच्या फुलांपासून केलेल्या दारूचा 'देशी' हा शिक्का काढला. चांगल्या हॉटेलांत, चांगल्या बारमध्ये तिला जागा मिळावी म्हणून. आता कागदोपत्री ती विदेशी मद्य आहे.