लघवीतून रक्त : ‘उन्हाळी लागली’ म्हणून सोडू नका

लघवी लाल झाली की घरात उत्तर ठरलेलं: उन्हाळी लागली, धने-जिऱ्याचं पाणी प्या. दोन दिवसांत रंग निवळतो आणि उपाय लागू पडला असं वाटतं. पण मूत्राशयातल्या गाठीतून होणारा रक्तस्राव असाच येतो-जातो, पाणी प्या वा पिऊ नका. जळजळ असेल तर बहुधा जंतुसंसर्ग, कुशीतून जांघेकडे कळ जात असेल तर मुतखडा. न दुखता पडणारं रक्त मात्र, त्यातही बिडी-सिगारेट ओढणाऱ्या चाळिशीपुढच्या माणसाचं, कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत संशयास्पदच.

बीट किंवा टीबीवरच्या रिफाम्पिसिननेही लघवी लालसर होते. म्हणून आधी मधल्या धारेचा (सुरुवातीची थोडी लघवी सोडून घेतलेला) ताजा नमुना द्यावा. पाळीच्या दिवसांत नको. सूक्ष्मदर्शकाच्या एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागात, ३ किंवा अधिक तांबड्या पेशी दिसल्या, तर रक्त आहे असं धरतात. पेशी वेड्यावाकड्या आणि सोबत प्रथिनं असतील, तर दोष बहुधा किडनीच्या गाळणीत.

सोनोग्राफी नॉर्मल आली की फाइल बंद, हीही चूक. छोटी, चपटी गाठ तिच्यात सुटू शकते. त्यासाठी सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मूत्राशयाचं अस्तर पाहणं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी तपासणी टळत नाही. गुठळ्या पडून लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.